दम खाण्याची तालीम

“म्हणजे मी चांगला वाजवतो म्हणून मला काढलंत?”

रेनॉल्डने हे उभ्यानेच विचारलं. बाकीचे दोघे बाकावर बसले होते आणि फादर बोनाव्हेंचर आपल्या पाव्याच्या पोटात फडकं फिरवत होते.

“काढलं कुठे?” फादर म्हणाले. “पहिल्या रचनेत तू आहेस. दुसरी आम्ही तिघं वाजवू.”

वसईतल्या एका लहानशा गावच्या चर्चमधली ही मंडळी. पावा म्हणजे उभा धरून तोंडाने फुंकायचा लाकडी पावा. इंग्रजीत त्याला रेकॉर्डर म्हणतात, आणि त्या नावाला भुलून सुरुवातीला एक भला गृहस्थ खरोखरच कॅसेट घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी गावचा सण. त्यात यांना दोन रचना वाजवायच्या होत्या. एक चारशे वर्षांपूर्वीची, चार पावे एकमेकांच्या पाठी धावतात अशी. दुसरी अगदी नवी, हयात माणसाने लिहिलेली. तिच्यात चौघांनी मिळून एकच सूर धरायचा आणि चांगली सात-आठ मिनिटं तो कुठेही तुटू द्यायचा नाही. संपली रचना.

रेनॉल्डचा जीव अडकला होता तो या दुसरीत. पहिलीत काय, बोटं चालली की झालं. पण ही दमाची गोष्ट, आणि दमाच्या बाबतीत पोराला गावात तोड नव्हती. वाडीमागच्या बावखलात, म्हणजे त्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, तो या काठाला बुडी मारायचा तो थेट त्या काठाला निघायचा. काठावरच्या बायका छातीवर क्रूसाची खूण करायच्या.

त्यात उद्या आगाशीहून व्हेरोनिकाचे वडील येणार होते. लग्न ठरलेलं. होणाऱ्या सासऱ्याला यानं फोनवर सांगूनही टाकलं होतं, तो लांबलचक सूर नीट ऐका, त्यात मी आहे म्हणून. आता तोंड कुठे लपवणार?

“फादर, अख्ख्या रचनेत मी बोटावर मोजण्याइतक्या वेळा श्वास घेतो. मानवेलकाका बघावं तेव्हा घेतात.”

मानवेलकाका केळीची वाडी करणारा माणूस, राग त्यांच्या गावी नव्हता. “खरं आहे बाबा,” ते म्हणाले. “या वयात मिळतो तेवढा घ्यावा.”

“बोटावर मोजण्याइतक्या वेळा घेतोस,” फादर म्हणाले, “आणि दर वेळी सूर तुटतो.”

“माझ्यामुळे?”

“तेरेजाबाई, तुम्हीच सांगा.”

तेरेजाबाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. आडपडदा ठेवून बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. “तू श्वास कधी घेणार ते आम्हाला कळत नाही रे. तुझ्या तोंडाकडे बघत बसतो आम्ही. गाल लाल होतात, मान फुगते, की आमचाच श्वास अडकतो. मग तू एकदाचा हवा ओढतोस, तेव्हा आम्हीही रिकामे झालेले असतो.”

“आणि शेवटी शेवटी तुझी फुंक बारीक होते,” मानवेलकाका म्हणाले. “फुंक बारीक झाली की सूर खाली बसतो. तुला ऐकू येत नसेल. तू तेव्हा जीव धरून असतोस.”

रेनॉल्डला हे चांगलंच लागलं. कौतुकाची वाट बघत होता आणि वाट्याला हे आलं. “मग आणखी सराव करतो. श्वास आणखी लांबवतो.”

“जरा दम खा, रेनॉल्ड.”

फादर थांब म्हणताहेत, असं रेनॉल्डला वाटलं.

फादरांनी फडकं बाजूला ठेवलं.

“महिनाभर तुला हेच सांगतोय,” ते म्हणाले. “मी म्हणतो दम खा. आणि तू दम धरतोस.”

रेनॉल्डला काही उमगलं नाही. तसं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं.

“ये इकडे. माझ्या मागे उभा राहा. तळवा ठेव इथे, पाठीवर.”

त्यानं झग्यावर तळवा ठेवला. तिघांनी पावे ओठांना लावले आणि सूर सुरू झाला.

थोड्याच वेळात तळव्याखाली पाठ फुगली. बसली. पुन्हा फुगली. रेनॉल्ड मोजायला गेला आणि मोजणं सोडून दिलं. म्हाताऱ्याचा श्वास लहान मुलासारखा आखूड होता, आणि आत खोलवर बारीक घरघर चालू होती. कानाला सूर अखंड, हाताला नुसते तुकडे.

आणि या माणसाशी तो इतके दिवस मनातल्या मनात शर्यत लावत होता. फादर श्वास घेताना दिसतच नाहीत, म्हणजे यांचा दम आपल्याहून मोठा, या एका गोष्टीनं त्याची झोप उडाली होती.

सूर थांबला. तळवा पाठीवरच राहिला.

“फादर... तुम्हाला दमा आहे?”

“सेमिनरीत शिकत होतो तेव्हापासून. दम तुझ्याकडे, दमा माझ्याकडे.”

“मग तुमचा सूर तुटत कसा नाही?”

फादरांनी मानवेलकाकांकडे बघितलं. मानवेलकाकांनी तेरेजाबाईंकडे. तेरेजाबाई उठल्या, खिडकीत ठेवलेला रेनॉल्डचा पावा आणला आणि त्याच्या हातात दिला.

त्या बाकावर तिघांनी अंग चोरून चौथ्याला जागा केली.

पुन्हा तोच सूर. रेनॉल्डच्या छातीत अजून भरपूर हवा होती. एवढी हवा शिल्लक असताना थांबायचं, हे त्याच्या जिवावर आलं होतं. त्याला भीती वाटली, अगदी खरी भीती. बावखलाच्या तळाशी, काळोख्या पाण्यात, ती कधी वाटली नव्हती.

तो थांबला.

सूर होता तिथेच होता. कुठे खड्डा नाही, धक्का नाही. उलट आज पहिल्यांदाच त्याला तो नीट ऐकू आला. मानवेलकाकांची जाड फुंक, तेरेजाबाईंची सरळ, फादरांची जरा थरथरती... इतका गोड होता, की परत सुरात शिरायचं तो विसरलाच. मग हळूच शिरला. थोड्या वेळानं पुन्हा थांबला, आता काही गरज नसताना, नुसती चव आवडली म्हणून. त्याला हसू यायला लागलं. पण हसत फुंकलं की सूर हलतो, म्हणून त्यानं ते मोठ्या कष्टानं गिळलं.

रचना संपली.

“फादर, मी मधे थांबलो होतो.”

“हो?”

“दोन-तीनदा थांबलो. तुम्हाला कळलं नाही?”

“नाही बुवा.”

त्यानं बाकीच्या दोघांकडे बघितलं. मानवेलकाकांनी मान हलवली. तेरेजाबाईंनीच उलट विचारलं, “कधी थांबलास?”

रेनॉल्डला फार बरं वाटलं होतं, आणि थोडं वाईटही वाटलं. हातातल्या पाव्याकडे बघत तो म्हणाला, “म्हणजे उद्या माझ्या सासऱ्यांनी कितीही कान देऊन ऐकलं, तरी त्यातला मी कुठला ते त्यांना कळणार नाही.”

फादरांनी आपला पावा फडक्यात गुंडाळला.

“नाही कळणार ना?... मग उद्या दुसरीतही ये.”