कारळीच्या धक्क्यावरच्या हातोड्या

कारळी खाडीच्या धक्क्यावर नवी बोट पाण्यात जाण्याआधी तिच्या पोटात लेकुरवाळ्या बायका शिरतात. हातात छोट्या हातोड्या. पत्रा न् पत्रा ठोकून ऐकतात. तोवर बोटीचा मालक बाहेर उन्हात उभा. आम्ही गेलो त्या दिवशी हेच चाललं होतं. धर्मातात्या तांडेल, धक्क्यावरचे सर्वांत जुने कारागीर, म्हणाले, "आधी सावलीत बसा, पोर तापेल. मग सांगतो." लेकीला इथे आणायला नको होतं, हे मी एव्हाना चौथ्यांदा ठरवलं होतं.

आम्ही बसलो आणि तात्या सांगू लागले. धक्का तेव्हा त्रिंबकशेठ आमोणकरांचा. घाटावर स्वतःच्या भट्टीत पोलाद गाळायचं, त्याचे पत्रे इथे आणून बोटी बांधायच्या, असा त्यांचा पसारा. पहिली बोट पहिल्याच फेरीला फाटली. अकरा खलाशी गेले. शेठनी म्हणे सुतक धरलं आणि त्या अकरांच्या नावाने दवाखाना बांधून दिला. शाळा दिली, गोड्या पाण्याची विहीर दिली. दुसरी बोट तयार झाली तेव्हा मात्र तिच्यावर पाय ठेवायला कोणी धजेना.

मुहूर्ताला चार दिवस होते. आवडी, त्या अकरांतल्या एकाची बायको, भर धक्क्यावर म्हणाली, "शेट, दवाखाना बांधलास, बरा केलास. आता तुझी पोर बसव हिच्यात."

शेठनी तिथल्या तिथे खाडीदेवीला हात जोडले. माझी कुमुद या बोटीतून दीपगृहापर्यंत जाईल आणि येईल, असा शब्द दिला. कुमुद तेव्हा सात महिन्यांची.

"हिला नववा महिना चालू आहे," मी मांडीवरच्या लेकीकडे बघत उगाच म्हटलं.

कुमुदच्या आईला कोणी विचारलं नव्हतं. मथुराबाईंना ही बातमी दूध घालणाऱ्या गवळणीकडून कळली. त्या रडल्या नाहीत, असं सांगतात. दुसऱ्या सकाळी हातोडी घेऊन धक्क्यावर आल्या. पत्रे जोडणारे रिव्हेट घट्ट असले की खणखणतात, सैल असले की बद्द वाजतात, एवढंच त्यांना ऐकून ठाऊक होतं. मुकादम हसला. "वहिनी, तपासणी झालीय."

"तुमची झाली. माझी व्हायचीय."

आवडी त्यांच्यामागोमाग शिरली. दोघी तीन दिवस ठोकत होत्या. तिसऱ्या दिवशी, पाळणा टांगायचा ठरला होता त्याच्या बरोबर खाली, आवाज बद्द आला. मथुराबाईंनी रंग खरवडला, तर रिव्हेटचं डोकं नखाने निघालं. लांबीचं, भेगा बुजवायच्या लुकणाचं होतं ते. भोकांना भोकं जुळली नव्हती, म्हणून लांबी भरून वर रंग मारला होता. एक नाही, त्रेचाळीस.

बाई वर आल्या, तो गोळा नवऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

 शेठ म्हणाले, "मुहूर्त चुकला असता. आणि दीपगृह काय, जवळच आहे. तेवढं अंतर बोट गेली असती."

मला हे कळायला जरा वेळ लागला. माहीत असूनही ते पोरीला बसवणार होते. "पण दवाखाना त्यांनीच ना बांधला?"

"त्यांनीच," तात्या म्हणाले. "माझा जन्म तिथलाच."

मुहूर्त गेला. पत्रा उतरवून नवा बसवायला सव्वा महिना लागला. देवीला दिलेला शब्द मोडता येत नव्हता. मथुराबाई कुमुदला मांडीवर घेऊन त्याच जागी, नव्या पत्र्यावर बसल्या, शेजारी आवडी. शेठ चढायला आले तेव्हा बाईंनी शिडी ओढून घ्यायला लावली. बोट गेली आणि आली. शेठ तोवर धक्क्यावर उभेच होते म्हणे.

आजही, रिव्हेट जाऊन वेल्डिंग आलं तरी, कारळीच्या बायका ठोकतात. जिला शंका येईल तिने खडूने गोल काढायचा. कारण सांगावं लागत नाही. मालकाने वाद न घालता मुहूर्त पुढे ढकलायचा.

तेवढ्यात आतून एकीने डोकं बाहेर काढलं. "ताई, येतेस? पोरवाली चालते."

मी म्हटलं, मला कुकरच्या शिट्ट्यासुद्धा धड मोजता येत नाहीत.

"आम्हाला तरी कुठे येतात? ये!"

लेकीला कडेवर घेऊन उतरले. तळाशी डावीकडे एक ठोका वेगळा वाटला. पुन्हा ठोकलं. पुन्हा वेगळा वाटला, पुन्हा खात्री नव्हती. खडू मागून घेतला.

बाहेर मांडव होता, पंगतीची पानं मांडून झाली होती. मालक आत वाकला, माझा गोल पाहिला, आणि बोटीवरचा झेंडूचा हार उतरवू लागला.