वाळू उडवणारा मासा

फार प्राचीन काळी एका संथ नदीच्या डोहात पुष्कळ मासे नांदत होते. त्यांत बोटाच्या पेराएवढा एक मिशाळ मासाही होता. तो दिवसभर स्वतःला वाळूत पुरून राही. बाहेर दिसत ते केवळ त्याचे दोन डोळे.

डोहाचा कारभार वयोवृद्ध रोहूबाईकडे होता. तिची पिले काठच्या उथळ पाण्यात खेळत, आणि लपून पाहणारे ते डोळे तिला मुळीच रुचत नसत. तिने पाळत ठेवली. तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानी आली: ज्या ज्या वेळी त्या जागी वाळूचा लोट उठे, त्या त्या वेळी काठावर बगळा उभा असे.

तिने सभा भरवली. "मी सहा वेळा डोळ्यांनी पाहिले आहे. हा वाळू उडवून बगळ्याला खूण करतो."

मिशाळ मासा म्हणाला, "बाई, बगळ्याने काठच्या वाळूत पाऊल टाकले की माझ्या मिशांना ते जाणवते. मी घाबरून खोल शिरतो, म्हणून वाळू उडते. ती पाहूनच तुमची पिले पळतात."

"म्हणजे आमची पोरेबाळे तुमच्या मिशांच्या कृपेने जगतात म्हणायची," एक खवली मासळी म्हणाली. सगळे हसले.

"मग लपतोस कशाला?" रोहूबाईने विचारले.

"मी फार लहान आहे, बाई. उघड्यावर माझा निभाव लागणार नाही."

हे उत्तरही तिला संशयास्पदच वाटले. त्याने यापुढे मधल्या काळ्या खडकावर, सर्वांच्या नजरेसमोर राहावे, अशी तिने आज्ञा केली.

दोन दिवस गेले. "हा हलला आणि पाणी कसे निवळले, पाहा," रोहूबाई समाधानाने म्हणाली.

तिसऱ्या सकाळी बगळ्याने वाळूत पाऊल टाकले. खडकावर त्या मिशांना काहीच जाणवले नाही. वाळू उडाली नाही. निवळलेल्या पाण्यात बगळ्याला प्रत्येक पिलू स्पष्ट दिसत होते. त्याने दोन उचलली.

रोहूबाई खडकापाशी आली.

"आपल्या जागी जा," ती म्हणाली.

"आणि बाई, पुन्हा संशय आला तर?"

"तर मी आधी काठाकडे पाहीन, मग तुझ्याकडे."

मासा वाळूत शिरला. त्या दिवसापासून ती वाळू हलली की सर्वांत आधी रोहूबाई पिलांना हाक मारी. मात्र बगळ्याने उचललेली ती दोन पिले त्या हाकेला कधीच आली नाहीत.

तात्पर्य: संकटाच्या वेळी जो नेहमी दिसतो, त्याला संकट आणणारा ठरवण्यापूर्वी तो सावध करणारा तर नाही ना, हे पाहावे.