न सारवलेला ओटा

बसा, पण कपडे मळतील हे आधीच सांगतो. आमच्या आंबेरीच्या कलाजत्रेत भारूड होतं, मुलांची नाटकं होतात, शहरातली माणसं येऊन व्याख्यानं देतात; पण ज्या ओट्यावर हे चालतं तो कधी सारवत नाहीत. आणि त्या चिंचेला रिकामी झोळी टांगलेली दिसते ना, तिच्यापाशी बसलेल्या बाई पाटलांच्या घरच्या. त्यांना कार्यक्रमाला बोलावू नका, त्या उठायच्या नाहीत.

फार जुनी गोष्ट. गावात पटकी आली, घरंच्या घरं ओस पडली. तेव्हाच्या सुभानराव पाटलांनी देवीला नवस केला म्हणे, की साथ हटली तर चैत्रात तुझ्यापुढे सगळ्या कलावंतांची सेवा होईल आणि उगवतीपासून मावळतीपर्यंत वाद्य थांबणार नाही. एकाचं संपायच्या आत दुसऱ्यानं ठेका उचलायचा. साथ हटली, नवस फेडायचा दिवस आला.

सकाळी गिरजी नावाची फिरस्ती बाई डफ घेऊन ओट्यावर बसली. नवरा साथीतच गेलेला. तान्हं पोर तिनं चिंचेच्या सावलीत झोळीत निजवलं होतं. तिच्यामागून कीर्तनकार बुवांची पाळी. बुवा म्हणाले, "ही बसली त्या जागी मी तसाच उभा राहणार नाही. ओटा सारवा, वाळू द्या." ठेका तर मोडायचा नाही. मग गिरजीला खाली उतरवलं आणि उन्हात उभं राहून वाजवत राहायला सांगितलं.

ऊन चढलं. चिंचेची सावली सरकली, झोळी उघड्यावर आली, पोर रडायला लागलं.

"पाटील, लेकराला पाजून येऊ द्या," ती म्हणाली.

"ओटा वाळला की जा."

झोळी सरकवायला बायका होत्या की. पण सगळ्या सोवळ्यात; फिरस्त्याच्या पोराला शिवणार कोण? ओटा लवकर वाळावा म्हणून गाव ज्या उन्हाची वाट बघत होतं, तेच ऊन झोळीवर होतं. थोड्या वेळानं रडणं थांबलं. "निजलं एकदाचं," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना बरं वाटलं, असं सांगतात. मला या वाक्याची फार चीड येते.

ओटा वाळला. बुवांनी टाळ उचलला, तशी गिरजी झोळीकडे धावली.

तिनं शाप दिला नाही. पोर पदरात गुंडाळलं, झोळी तिथंच सोडली, डफ ओट्यावर पालथा ठेवला आणि माळ उतरून गेली. पुन्हा ती कुणाला दिसली नाही.

पुढल्या चैत्रात ओट्यावर जो चढे, त्याला चिंचेकडून तान्ह्याचं रडणं ऐकू येई. ठेका चुके, पुढची ओळ आठवत नसे. शेवटी पाटलीणबाई, अवडाबाई, उठल्या. सोवळ्याची पर्वा न करता त्यांनी तीच झोळी पुन्हा बांधली आणि सावली सरकेल तशी दिवसभर सरकवत बसल्या. तेव्हा कुठे ते रडणं थांबलं म्हणे. त्या दिवशी गावानं वाद्य न थांबवण्याचा नवस मोडला आणि ही रीत घातली.

आजही ओटा सारवत नाहीत. आजही पाटलांच्या घरची बाई सावलीमागे झोळी हलवते. आणि मांडवात कुणाचंही पोर रडलं, की नाटक असो, भाषण असो, तिथल्या तिथे थांबतं. गेल्या साली एक मोठे वक्ते रागावले, "त्याला बाहेर न्या" म्हणाले. आईनं पोराला पाजलं, ते निजलं, तरी मांडव गप्पच. मग रीतीप्रमाणे एक म्हातारी उठली, पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का ते पाहिलं आणि मान डोलावली. त्यानंतर भाषण पुढे सुरू झालं.