बिनयामिनचं थांबणं

“पण नऊ माणसांपायी अख्खं घर अडवून ठेवायचं, याला भक्ती म्हणायची की हट्ट?”

एझ्रानं मोशे हजानना विचारलं.

रेवदंड्याकडच्या त्या लहान गावात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, मोजकीच घरं उरली होती. सिनेगॉगमधली प्रार्थना मोशे चालवायचे, म्हणून ते हजान. एझ्राला हिब्रू अक्षरं त्यांनीच शिकवली होती. आता तो इस्रायलमध्ये, अश्दोदला इंजिनिअर होता. वडिलांच्या, बिनयामिन चेऊलकरांच्या वर्षाच्या प्रार्थनेसाठी आला होता. प्रार्थना झाली होती, माणसं पांगली होती. बाकावर दोघेच उरले होते.

एझ्राच्या मनात एकच सल होता. तो लहान असताना सगळ्यांचं इस्रायलला जायचं ठरलं होतं. तिकिटं आली होती. बिनयामिननी बर्फाचा कारखाना विकायलाही काढला होता. तेवढ्यात शेजारचे सॅम्सन वारले; त्यांचा मुलगा गावातच होता. मेलेल्या आई-बापासाठी मुलानं वर्षभर कद्दिश हे स्तोत्र म्हणायचं, आणि दहा पुरुष जमल्याशिवाय ते म्हणता येत नाही. बिनयामिन गेले असते, तर गावात नऊच उरले असते.

त्यांनी तिकिटं परत केली. वर्षभरानं जाऊ, म्हणाले. पुढे कुणाची आई वारली... मग आणखी कुणाची. आईनं बांधलेलं सामान सोडलं. तिच्या बहिणी तिकडे होत्या. त्यांचं नाव निघालं की ती उठून आत जायची.

“बाबा प्रेमळ होते,” एझ्रा म्हणाला. “शुक्रवारी संध्याकाळी घरी पाहुणा नाही, असं कधी झालं नाही. ऐन हंगामातही शनिवार पाळून कारखाना बंद ठेवायचे, तरी बर्फ नेणाऱ्या कोळ्यांनी त्यांना सोडलं नाही. सगळं खरं. पण त्यांना काय मिळालं? वर्षभर त्यांच्यासाठी या जागेत दहा माणसं नव्हती. आजही पेणहून बोलवावी लागली.”

“मी विचारलं होतं त्याला,” हजान म्हणाले. “म्हटलं, तुझ्या वेळेला दहा नसले तर?”

“मग?”

“हसला. म्हणाला, मेलेल्याला घाई नसते काका. रडणाऱ्याला असते.”

एझ्रानं मान खाली घातली.

“रडणारा तर मी होतो,” तो म्हणाला.

हजाननी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिकडे कद्दिश म्हणत होतास का, असं विचारलं. एझ्रानं सांगितलं, रोज म्हणत होता. कामावर जायच्या आधी, घराजवळच्या सिनेगॉगमध्ये.

“दहा जमायचे?”

“रोज.”

“कोण होते?”

“कोण जाणे. एक बेकरीवाला होता. एक म्हातारा मोरोक्कोचा. मी कुणाचं नावही विचारलं नाही.”

“रिकामेच असतील सगळे.”

“छे, रिकामे कुठले? प्रत्येकाला कामावर जायचं असायचं. एक ट्रकवाला तर गाडी चालूच ठेवून आत यायचा. बाहेर हॉर्न वाजायचे, लोक शिव्या द्यायचे. पण माझं कद्दिश संपेपर्यंत तो...”

एझ्रा बोलता बोलता थांबला.

हजाननी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं, त्याला ओठ लावले आणि ते उठले.

“परत गेलास की नीट बघ,” ते म्हणाले. “त्यांतला तुझा बाप कोणता होता.”