चार मिनिटांची बॅटरी

“दोष कोणाचा, बुवा? माझा, की बॅटरीचा?”

नाना बेंडखळ्यांनी टेकायच्या आधीच विचारलं. टेकडी चढून आल्याने धाप लागली होती, पण प्रश्न गेले अकरा दिवस जिभेवर तयार होता. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मशीन होतं.

टेकडीवरच्या मठाच्या ओसरीत अच्युतबुवा सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

नाना चपापले. मरणाचा विषय तर त्यांनी अजून काढलाच नव्हता.

“शांताराम पाष्टे. आमच्या देवखोलचा.”

“सांग.”

नानांनी सांगायला घेतलं. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, त्यामुळे मुद्द्याला यायच्या आधी प्रस्तावना आलीच. शाळेची प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती आणि पस्तीस वर्षांत त्यांनी तिथली एक काचनळी फुटू दिली नव्हती. फुटणार तरी कशी? मुलांनी त्या काचनळ्या जन्मात कधी हातात धरल्या नाहीत, कपाटाच्या काचेतून लांबूनच पाहिल्या. पण निवृत्तीच्या समारंभात या गोष्टीचं कौतुक झालं होतं, आणि नाना ते विसरले नव्हते.

म्हणूनच मुंबईकर मंडळाने गावाला ऑक्सिजनचं मशीन दिलं, तेव्हा ते कोणाकडे ठेवायचं हा प्रश्नच पडला नाही. वीज गेली तरी बॅटरीवर तीन तास चालणारं मशीन. समाजमंदिराच्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्यात ते गेलं. किल्ली नानांच्या करगोट्याला.

“दर खंडेनवमीला बाहेर काढायचो, बुवा. पुसायचो, शंभर टक्के चार्ज करायचो. हळदकुंकू, झेंडूचा हार… मग पुन्हा आत. तीन वर्षं मशीनला ओरखडा नाही.”

“आणि चालू?”

“चालू कशाला करायचं? खराब झालं असतं.”

बुवांनी एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला.

“चिपळूणचा दुरुस्तीवाला काय म्हणाला माहीत आहे?” नानांचा आवाज चढला. “म्हणाला, मास्तर, ही बॅटरी वापरून मेली नाही, बसून मेली. काठोकाठ भरलीत आणि तापत्या पत्र्याखाली ठेवलीत. म्हणे अर्धी भरून गार जागी ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी चालवून बघायची. आता हे मला कोणी सांगितलं होतं का? कुठे लिहिलं होतं का?”

“पुस्तक होतं का मशीनसोबत?”

“…होतं.”

“वाचलंस?”

“त्याचं पाकीट फोडलं नव्हतं. हरवलं असतं एखादं पान.”

नानांनाच ते वाक्य आपल्या तोंडून ऐकवेना. ते घाईघाईने पुढे गेले.

मे महिन्यातली दुपार. आंब्याची फांदी तारांवर पडून वीज गेलेली. शांतारामला दम लागला, ओठ निळे पडले. दवाखान्याची गाडी घाटातून यायला पाऊण तास होता. सुगंधा, त्याची बायको, अनवाणी धावत आली. नानांनी कपाट उघडलं, मशीन नेलं, बटण दाबलं. मशीन चाललं. चार मिनिटं चाललं. मग टीं टीं करून बंद पडलं.

“चार मिनिटं, बुवा. तीन तास चालणारं मशीन!”

“सुगंधाने मशीन आधी कधी मागितलं होतं?”

नाना चमकले. हे म्हाताऱ्याला कोण सांगून गेलं? पण कोणी सांगितलं नव्हतं. बुवा नुसते तांदळाकडे पाहत होते.

“मागितलं होतं,” नाना म्हणाले. “फेब्रुवारीत. शांताराम दवाखान्यातून घरी आला तेव्हा. म्हणाली, नाना, डाक्टर बोलतात रोज तासभर लावा.”

“मग?”

“मी म्हटलं, रोज लावून बॅटरी संपवायची आहे का? खरी वेळ आली की मी आहे.”

…

बुवांनी सूप बाजूला सारलं. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि नानांसमोर सरकून बसले.

“मला लाव,” ते म्हणाले.

“काय?”

“ते मशीन. मला दम लागलाय असं समज.”

“बुवा, बॅटरी मेली आहे त्याची.”

“नळी तर मेली नाही ना? लाव.”

नानांनी पिशवी सोडली. नळी बाहेर काढली. ती गुंडाळीतच कडक झाली होती, एक टोक धरलं की दुसरं वेटोळं घेई. नाकात घालायची दोन छोटी टोकं त्यांनी वर धरली, मग खाली, मग पुन्हा वर. नळी कानांवरून घ्यायची की मानेमागून? त्यांनी ती मानेमागून घेतली. बुवांच्या नाकात जायची टोकं त्यांच्या ओठांवर आली. बुवा डोळे उघडे ठेवून बसले होते, अगदी हलले नाहीत. मदत तर मुळीच केली नाही.

नानांनी नळी पुन्हा ओढून पाहिली. आणि मग ते थांबलेच.

“चार मिनिटं चाललं म्हणालास,” बुवा म्हणाले. “त्यातली शांतारामला किती मिळाली?”

गेले अकरा दिवस नानांनी ही गोष्ट गावात सांगितली होती, चिपळुणात सांगितली होती, मुंबईला फोन करून सांगितली होती. प्रत्येक वेळी ती बॅटरीपाशी सुरू झाली आणि बॅटरीपाशीच संपली.

“एक,” ते म्हणाले. “एकसुद्धा नसेल.”

“बाकीची?”

“मी नळी सोडवत होतो. शेवटी तिने माझ्या हातातून ओढून घेतली. तिने लावली. तिला लावता येत होती, बुवा… दवाखान्यात आठ दिवस त्याच्या उशाशी बसून शिकली होती ती. तिने लावली आणि लगेच टीं टीं झालं.”

नाना रडले. पासष्टीचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. बुवांनी रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने नानांनी उपरण्याने तोंड पुसलं.

“मला इथे ठेवून घ्या, बुवा. एका कोपऱ्यात पडून राहीन. मौन धरीन, नाम घेईन. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. या हातांनी आता आणखी काही बिघडायला नको.”

“गावात दम लागणारे आणखी किती आहेत?”

“चौघे… पाच. धरमाची आई धरून पाच.”

“नवी बॅटरी येईल?”

“मुंबईकर पाठवतो म्हणालेत.”

“आल्यावर नळी लावणार कोण?”

गावात ती कला एकाच बाईच्या हातात होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

बुवांनी ओठांवरची नळी काढली. वेटोळं पडणार नाही अशी सैल गुंडाळून नानांच्या ओंजळीत दिली.

“तिच्याकडे जा. शिकून घे.”

“सुगंधाकडे?” नाना दचकून उठलेच. “कोणत्या तोंडाने जाऊ? दिवसकार्याला गेलो तर तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दार उघडायची नाही, बुवा!”

“नाहीच उघडायची,” बुवा म्हणाले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “तू रोज जा.”