दोनाची जागा

धाकू मयेकर सोलापूरच्या शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई होता आणि त्याची बायको सुभद्रा कोकणात, समुद्राकाठच्या घरी. नऊ वर्षं ती रोज संध्याकाळी फोन अंगणात धरून त्याला लाटांची गाज ऐकवत असे. शाळा चालवणाऱ्या संस्थेची एक शाळा तिकडेही होती, पण धाकूचा बदलीचा अर्ज सचिव सबनीस साहेबांच्या गठ्ठ्यात तळाशी पडून होता.

एकदा साहेब शाळेत भाषणाला आले. पडद्यावरच्या स्लाइडवर पाण्याचं सूत्र होतं, पण ‘एच टू ओ’मधला दोनचा आकडा अक्षरांएवढाच मोठा, त्यांच्याच ओळीत.

धाकू हळूच म्हणाला, “साहेब, तो दोन बारीक करून जरा खाली बसवायचा असतो.”

पोरं हसली. साहेब तडकले. “अरे, दोन कुठंही बसला तरी दोनच. जागेनं काय फरक पडतो?”

“पडत नसेल तर मला कोकणात बसवा, साहेब. शिपाई कुठंही बसला तरी शिपाईच.”

“आणि पडत असेल तर?”

“तर त्या दोनाला त्याच्या जागी न्या. आणि मलाही.”

साहेबांनी चष्मा पुसून स्लाइडकडे पाहिलं. मग सोबतच्या कारकुनाला म्हणाले, “तो दोन खाली घ्या. आणि मयेकरांचा अर्ज वर.”