नंतरचं काढ, पहिलं लाव

एका गावात एक भोळा गडी होता. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात म्हणा, पण बोरवड्याच्या बिरूची तऱ्हाच वेगळी. सांगितलेलं त्याला कळत नसे, असं अजिबात नाही. सगळं कळायचं. आणि एकदा कळलं की तो ते जन्मात विसरायचा नाही. घोटाळा व्हायचा तो त्यामुळेच.

बिरू अण्णा माईणकरांकडे कामाला होता. वय पस्तिशीचं, मिशा झुपकेदार, अंगात ताकद अशी की विहिरीवरचा दगडसुद्धा एकटा हलवील. झाडलोट, बाजारहाट आणि अण्णांची गाडी पुसणं, ही त्याची कामं.

गाडी जुनी होती. अण्णा तिला पोटच्या पोरीसारखं जपायचे. पण सुलूकाकू, म्हणजे अण्णांची बायको, त्या गाडीकडे बघून नाक मुरडायच्या. कारण तिचे बंपर. काळे, सपाट, रबरी पट्टीचे.

त्यामागे एक गोष्ट होती. अण्णांच्या लग्नात वडिलांची गाडी होती. ह्याच जातीची, पण आधीच्या मॉडेलची. तिला क्रोमचे जाडजूड बंपर होते, लख्ख आरशासारखे. लग्न लागल्यावर नवरी गाडीपुढे खाली मान घालून उभी राहिली. तेव्हा नवरीनं मान वर करायची सोय नव्हती. खाली बघता बघता तिला बंपरात शेजारचा नवरा दिसला. नवराही बंपरातच बघत होता. दोघांना हसू फुटलं. एकमेकांचं तोंड त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं ते असं, बंपरात.

पुढे ती गाडी विकली गेली. अण्णांनी हौसेनं ही घेतली, पण ही पडली नंतरच्या मॉडेलची. काकू म्हणाल्या, "ह्या बंपरात काय दिसतंय? माझं कपाळ?" आणि फारच चिडल्या की आणखी एक ऐकवायच्या. "माझ्या आधी विमल आवटीशी ठरलं होतं ना तुमचं? सुपारीसुद्धा फुटली होती. मी आपली नंतरची! मला कशाला हवेत चांगले बंपर?"

आता ही विमल आवटी म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या विमलाबाई. ते लग्न कशावरून मोडलं, हे कुणालाच आठवत नव्हतं. विमलाबाई आणि काकू दर उन्हाळ्यात पापडाला एकत्र बसायच्या. त्यामुळे काकूंचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. अंगणात बिरू बादली घासत असायचा. त्यालाही ऐकू जायचं.

तर लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. अण्णांच्या मनानं घेतलं की गाडीचे हे बंपर काढायचे आणि आधीच्या मॉडेलचे लावायचे. गुपचूप. आणि त्या दिवशी सुलूला पुन्हा गाडीपुढे उभं करायचं, आणि पुन्हा तसंच बंपरात बघायचं. ह्या विचारानं अण्णांना रात्री झोप लागेना. म्हातारपणी माणूस असा हट्टाला पेटला की काही खरं नाही.

कोल्हापूरच्या एका जुन्या सामानवाल्याकडे बंपर मिळाले. एसटीनं आले. अण्णा म्हणाले, "बिरू, स्टँडवर जा. बंपर घेऊन उस्मान मिस्त्रीच्या शेडवर पोचव. आणि हे काकूंना कळता कामा नये."

"व्हय अण्णा. ध्यानात ठेवतो."

बिरूनं बंपरांना दोरी बांधली आणि फरफटत नेले. मागे ठिणग्या उडत होत्या आणि त्यांच्या मागे गावातली कुत्री. मग तो घरी आला आणि काकूंना म्हणाला, "काकू, मिस्त्रीच्या शेडवर काय हाय, ते तुमास्नी कळता कामा न्हाई."

काकू म्हणाल्या, "बरं." आणि पदराआड तोंड करून आत गेल्या.

शेडवर अण्णांनी कपाळाला हात लावला. नशीब, घासले होते ते आतल्या बाजूनं. "अरे बाबा, असं फरफटत आणतात का? गोधडीत गुंडाळायचं, तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरायचं, हळूहळू आणायचं!"

"बरं झालं सांगितलं. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याला गाडगंभर दही आणायला पाठवलं. बिरू जाताना गोधडी घेऊन गेला. दही गुंडाळलं, छातीशी धरलं, हळूहळू निघाला. वाटेत गाडगं डचमळलं. लेकरू किरकिरतंय, असं समजून त्यानं त्याला झुलवलं. पाठीवर थोपटलं. तरी राहीना, तेव्हा मारुतीच्या पारावर बसून चांगलं मांडीवर हलवलं. घरी येईपर्यंत वर लोण्याचा गोळा आणि खाली ताक.

"अरे मेल्या!" काकू म्हणाल्या. "दही हलवतात का? दह्याला अंधारात ठेवायचं, वरनं झाकायचं, आणि हात लावायचा नाही. कितीही वेळ लागू दे!"

"आदी सांगायचं न्हाई व्हय काकू. ध्यानात ठेवतो."

त्याच दुपारी उस्मान मिस्त्री गाडीखाली शिरले. गाडीवरच्या बंपरांचे बोल्ट गंजून बसले होते. "बिरू, इकडं लक्ष ठेव," एवढं म्हणून ते पाठीवर सरकत आत गेले. फक्त पाय बाहेर.

बिरूनं लक्ष ठेवलं. मग त्यानं गाडीवरून ताडपत्री ओढली, चारी बाजूंनी खाली सोडली, पायही झाकले आणि शेडचं दार लावून बाहेर बसला.

आतून मिस्त्री ओरडले, "अरे, काय दिसंना झालंय मला!"

"अंधारातच ठेवायचं असतंय."

"बाहेर काढ मला!"

"हात लावायचा न्हाई, मिस्त्री. कितीबी वेळ लागू दे."

संध्याकाळी अण्णा आले. "मिस्त्री कुठायत?"

"आत झाकून ठेवल्यात. अजून घट्ट झालं नसतील."

मिस्त्री बाहेर निघाले ते दाढीला जळमटं आणि तोंडात शिव्या घेऊनच. त्या शिव्या इथं सांगत नाही, पोरं ऐकतायत. राग ओसरल्यावर त्यांनी बिरूला समोर उभं केलं. "हे बघ, तू डोकं चालवू नकोस. तुझं डोकं चाललं की माझं थांबतंय. काम एवढंच हाय. नंतरचं काढायचं, पहिलं लावायचं. म्हण."

"नंतरचं काढायचं, पहिलं लावायचं."

"पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं. मिस्त्री काढा म्हणाले की बिरूनं काढायचं, लावा म्हणाले की लावायचं. काय सांगू, बंपर असे बसले की मिस्त्रींनी स्वतःची टोपी त्यात बघून सरळ केली. अण्णा वाकून बघायला लागले आणि त्यांचे डोळे भरून आले. "मिस्त्री, अगदी तीच गाडी हो!" एवढंच त्यांना बोलता आलं.

इतक्यात मिस्त्रींचं लक्ष गेलं. "बिरू, काढलेले बंपर कुठं हायत?"

"भंगारवाला आल्ता. त्याला दिलं. ही बादली मिळाली."

मिस्त्री सायकलवर टांग टाकून भंगारवाल्यामागे धावले आणि बंपर परत घेऊन आले. धापा टाकत म्हणाले, "मूळचा माल कधी टाकायचा नसतो रे! उद्या लागला तर? त्याला ग्रीस लावायचं, गोधडीत गुंडाळायचं आणि माळ्यावर जपून ठेवायचं."

बिरूनं ग्रीस लावलं, गोधडीत गुंडाळलं, घरी नेऊन माळ्यावर ठेवलं. तसूभरही चूक नाही. अण्णा बघतच राहिले. त्यांनी बिरूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास!"

पस्तीस वर्षांत बिरूला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. त्याला ते फार गोड लागलं. आता कुणाला नाही लागणार? त्यानं ठरवलं, हे काम आपल्याला जमतंय. हेच करायचं.

मग काय विचारता. काकूंनी भिंतीवरची चतुर्थी बघून कडक उपास धरला आणि शेजारीण म्हणाली, "अहो, संकष्टी कुठली? ती होऊन गेली की!" बघतात तर भिंतीवर गेल्या वर्षीची दिनदर्शिका. तिकडे अण्णा फिरायला गेले आणि पाटलांच्या म्हशीला "काय वहिनी, बरं आहे ना?" असं विचारून आले. डोळ्यांवर दहा वर्षांपूर्वीचा चष्मा. ह्या वर्षीची दिनदर्शिका आणि आत्ताचा चष्मा माळ्यावर सापडला. गोधडीत. ग्रीस लावून.

"अरे देवा!" अण्णा काच पुसत ओरडले. काच पुसून पुसून आणखीच काळी झाली. "हे काय केलंस?"

"नंतरचं काढलं, पहिलं लावलं. मूळचं टाकलं न्हाई." आणि बिरू शाब्बासकीची वाट बघत उभा राहिला.

"तो नियम गाडीचा आहे, गाडीचा! जिथं गाडीचं काम असेल, तिथंच तो लावायचा. घरातल्या वस्तूला नाही! कळलं?"

"कळलं अण्णा. गाडीचं काम असंल तिथंच. ध्यानात ठेवतो."

तुम्हाला सांगतो, इथं अण्णांनी थांबून विचार करायला हवा होता. पण घरात कार्य म्हटल्यावर विचार कोण करतो?

तो दिवस उजाडला. दारात मांडव, चुलीवर भात, पाहुण्यांची गर्दी. लेकी आल्या, जावई आले, विमलाबाईही जरीचं लुगडं नेसून आल्या. गाडी दारात उभी, वर ताडपत्री. काकू आज अगदी गप्प होत्या, पण मधूनच हसत होत्या. शेडवर काय आहे, ते त्यांना कळता कामा नये, हे त्यांच्या चांगलं लक्षात होतं.

अण्णांनी बिरूला बाजूला घेतलं. "बिरू, मी धोतर नेसून येतो. तोवर ताडपत्री काढ. आणि काकूंना आणून गाडीपुढे उभं कर. खाली मान घालून, डोक्यावर पदर घेऊन. मी शेजारी येऊन उभा राहीन. एवढं एक नीट कर बाबा. पन्नास वर्षांनी आलाय हा दिवस. पुन्हा यायचा नाही."

बिरूनं विचारलं, "हे गाडीचंच काम न्हवं?"

"गाडीचंच! सगळं गाडीसाठीच चाललंय!"

"मग झालंच म्हणून समजा."

अण्णा रेशमी धोतर नेसले, टोपी घातली, आरशापुढे दोनदा केस बसवले, जे नव्हते. बाहेर आले. पाहुणे कडं करून उभे होते आणि का कुणास ठाऊक, सगळे चिडीचूप होते. उन्हात बंपर झगझगत होता. पुढे ती उभी होती. खाली मान, डोक्यावर पदर. अण्णांच्या छातीत धडधडायला लागलं. अगदी तेव्हासारखंच. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तेव्हाही बघितलं नव्हतं. हळूच शेजारी जाऊन उभे राहिले, खाली वाकले आणि बंपरात बघितलं.

बंपरात विमलाबाई.

"अगं बाई," विमलाबाई बंपरात बघून म्हणाल्या, "किती स्वच्छ दिसतंय हो ह्यात! बिरू म्हणाला, तुम्हीच बोलावलंय, म्हणून आले. पण मान कशाला खाली घालायची असते?"

घरातून कुठूनतरी धाड धाड आवाज येत होता. अण्णांनी मान वळवली. मागे बिरू उभा होता. अंगठ्यापासून कोपरापर्यंत ग्रीस, एका गालावर पाच बोटं उठलेली, आणि चेहऱ्यावर समाधान.

"बिरू," अण्णा कसेबसे म्हणाले, "सुलू कुठाय?"

"काळजी करू नका अण्णा, मूळचं टाकलं न्हाई. काकू आपणच शालू काढायला माळ्यावर चढल्या हुत्या, म्हंजे निम्मं काम झाल्यालंच हुतं. गोधडीत गुंडाळलं, अंधार केला, शिडी काढून घेतली. फकस्त ग्रीस तेवढं लावू देईनात."